काळूराम पीत नव्हता

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खोड काही जात नाही. एसटीत समोर कुणी बसलं की मी आधी त्याच्या डोळ्यांतलं पांढरं बघते. लग्नात सगळे नवरीचा शालू बघतात, मी नवरदेवाचे डोळे. सून म्हणते, "आई, लोक काय समजतील?" काय समजायचं ते समजू देत. इतकी वर्षं लोकांची बोटं टोचली, दंडाला रबर बांधलं; आता हातांना काम नाही तर डोळे भटकतात. एका जागी बसणं मला कधी जमलं नाही. हा लेख लिहायला बसल्यापासून तीनदा उठून अंगणातला नळ बंद आहे का ते बघून आले. तो बंदच होता.

संपादकांचं म्हणणं, लॅबमधल्या गमतीजमती लिहा. आहेत, पुष्कळ आहेत. पण एका माणसाबद्दल सांगितल्याशिवाय बाकीचं लिहायला हात वळत नाही. त्यामुळे गमती थोड्या आणि तो माणूस फार, असं होणार आहे. आधीच सांगून ठेवते.

मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात एक धर्मादाय दवाखाना होता. मी तिथे लॅब टेक्निशियन. लॅब म्हणजे पूर्वीची कोठीची खोली. एक ओटा, एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रिज आणि रक्त गरागरा फिरवायचं एक यंत्र. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर रक्त बघतो. बऱ्याच तपासण्यांत रक्ताचं कामच नसतं. नळीतलं रक्त गोठू द्यायचं, यंत्रात फिरवायचं, की लाल भाग खाली बसतो आणि वर ताकाच्या निवळीसारखं पिवळट पाणी राहतं. त्याचे दोन थेंब पट्टीवर टाकायचे आणि घड्याळ बघायचं. एक रेघ उमटली तर माणूस सुटला, दोन उमटल्या तर आजार आहे. ती पंधरा-वीस मिनिटं मला कधी बसून काढता आली नाहीत. मी उगाच धुतलेल्या काचपट्ट्या पुन्हा धुवायची.

रक्त द्यायला कुणालाच आवडत नाही. वैशाखऱ्याकडची एक म्हातारी तर नळी भरली तशी माझ्या हातावर चापट मारून म्हणाली, "एवढा रगत? माझ्याकडं हाय कवडा!" हिमोग्लोबिन खरंच फार कमी निघालं, म्हणजे तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. रिपोर्ट हातात घेऊनही ती जाईना. मी विचारलं, आता काय? म्हणाली, "झाला ना बघून? मंग द्या आता माझा रगत परत." तिची समजूत घालायला डॉक्टरांना यावं लागलं.

आमच्या भागात कावीळ झाली की माणूस दवाखान्यात येत नाही, माळ घालायला जातो. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. एका वनस्पतीच्या काड्यांचे बारीक तुकडे करून दोऱ्यात गुंफतात आणि ती टिकलीएवढी माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक माळ वाढते. कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून पोटावर, आणि गुडघ्याशी आली की कावीळ उतरली. सगळी वाडी रोज बघायला येते, कुठवर आली म्हणून. तेल, मीठ, हळद बंद. आणि गरम गोळ्या बंद, म्हणजे आमच्या. मी एकदा अशी ओली माळ मिळवली आणि लॅबमधल्या स्टुलावर ठेवली. काड्या वाळल्या, आकसल्या, दोऱ्याचे फासे सैल झाले आणि माळ आपोआप लांबत गेली. चार दिवसांत स्टुलाची कावीळ उतरली.

डोळखांबकडचे एक बाबा माळ घालण्यात नावाजलेले होते. तेच एकदा डोळे पिवळेधमक घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, "बाबा, माळ?" तर म्हणाले, "आपल्या हातची माळ आपल्याला लागत नाय. काढा रगत." माणूस प्रामाणिक होता. जाताना म्हणाले, "ताई, माळ उतरवायचा काम माझा. आतली कावीळ उतरली का नाय ते तुमी बघीत जा." मी हसले होते. हसायला नको होतं, कारण ते काम खरंच माझं होतं.

आता काळूराम.

आधी मालट्रकवर होता, माळशेज घाटातून भाजी आणायचा. नंतर मुरबाडहून घाटाच्या बाजूला काळीपिवळी जीप चालवू लागला. अंगानं बारीक, बोलण्यात मऊ. बाप दारूनं गेला होता, म्हणून मुलगी झाली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून बायकोला शब्द दिला होता की थेंबाला शिवणार नाही. हे त्याची बायको सुनंदा सगळ्यांना कौतुकानं सांगायची. ड्रायव्हर आणि पीत नाही, ही आमच्याकडे सांगण्यासारखीच गोष्ट आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट, नक्की वर्ष आठवत नाही. काळूराम ताप आणि कावीळ घेऊन आला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या लिहिल्या. माझ्या ओट्यावर त्याच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी होत्या, एक एचआयव्हीची आणि एक हिपॅटायटिस बीची. दोन्हींवर दोन दोन रेघा. मी एचआयव्ही दुसऱ्या कंपनीच्या पट्टीवर पुन्हा करून बघितला. तेच.

त्या काळी आमच्याकडे समुपदेशक वगैरे कुणी नव्हतं. डॉक्टर सांगायचे आणि निघून जायचे. मग माणूस लॅबच्या दारात येऊन उभा राहायचा, कारण कागदावर सही माझी असायची. काळूराम तसाच आला. दोन्ही कागद हातात.

"ताई, दोन्हीवर पॉझिटिव लिवलाय. म्हंजे दोन रोग झाले का मला?"

त्याचे ओठ कोरडे पडले होते. त्याला काहीतरी कमी करून द्यावं, निदान एक ओझं उतरवावं, असं मला वाटलं. मी म्हणाले, "ती कावीळ आहे रे. ती जाईल. तू ह्या दुसऱ्या कागदाचं बघ."

"म्हंजे ही फक्त कावीळच ना?"

"फक्त कावीळ," मी म्हणाले.

हे वाक्य मी माहीत नसताना बोलले असते तर आज एवढी तळमळले नसते. मला माहीत होतं. काविळी-काविळीत फरक असतो. गढूळ पाण्यानं होते ती येते आणि जाते. ही बी कावीळ रक्तातून जाते, नवराबायकोत जाते, आईकडून बाळाला जाते. वाट सगळी एचआयव्हीचीच. काहींच्या शरीरातून ती निघून जाते, काहींच्या यकृतात घर करते. आणि एचआयव्हीनं शरीराचे राखणदारच लुळे केलेले असतील तर तिला हाकलणार कोण? डोळे पांढरे होतात, पण आत ती वर्षानुवर्षं कुरतडत राहते. आम्ही लॅबवाल्यांनी तर स्वतः तिच्या लसीची तीन इंजेक्शनं घेतली होती. इतकं माहीत होतं. मी त्याला सांगायला हवं होतं की हा कागद जपून ठेव, जाशील तिथे दाखव, दर सहा महिन्यांनी यकृत तपासून घे, बायकोला आणि मुलीला घेऊन ये. मी सुनंदाचा आणि मुलीचा एचआयव्ही तपासला. सुनंदाला लागण निघाली, मुलगी सुटली. पण त्या दोघींची कावीळ मी तपासलीच नाही. एचआयव्ही हा शब्द त्या वेळी एवढा मोठा होता की त्याच्या शेजारी दुसरं काही दिसतच नव्हतं.

काळूरामनं माळ घातली. ती गुडघ्यापर्यंत आली, डोळे निवळले, वाडीनं बघितलं. महिन्याभरानं तो मला सांगायला आला, "ताई, एक रोग तर गेला." मी मान हलवली.

पुढे काही वर्षांनी एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळायला लागल्या. आधी आमच्या रजिस्टरमधली माणसं दोन-तीन वर्षांत जायची. आता ती परत उभी राहू लागली. काळूराम आणि सुनंदा दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन गोळ्या आणत. एक गोळी चुकवली नाही त्यानं. गाल भरले, जीपला नवे पडदे लागले. मला बघितलं की पुढची सीट माझी. काविळीचा कागद मात्र त्यानं केंद्रात कधीच दाखवला नाही. गेलेल्या रोगाचा कागद कोण दाखवतं?

नंतर एका मोठ्या डॉक्टरांनी मला समजावलं. त्या गोळ्यांतली एक गोळी बी काविळीलाही दाबून ठेवते. पण एकटी तीच मिळत राहिली तर काही वर्षांत काविळीचा विषाणू तिला चुकवायला शिकतो आणि डोकं वर काढतो. त्यांनी आणखी एक सांगितलं, ते माझ्या मनातून जात नाही. पूर्वी एचआयव्हीचा माणूस यकृताचा कॅन्सर होईपर्यंत जगतच नव्हता. आता गोळ्यांनी आयुष्य दिलं, आणि त्या वाढीव आयुष्यात यकृताला आजारी पडायला वेळ मिळाला.

एक दिवस पुढच्या सीटवर बसल्या बसल्या माझी नजर आरशात गेली आणि त्याचे डोळे दिसले. पिवळे. शर्ट खांद्यावरून लोंबत होता, पोट तेवढं पुढे. मी म्हटलं, "कधीपासून?" तर "गर्मी झालीया," म्हणाला. गाडी थांबल्यावर उजव्या बरगडीखाली हात लावून बघितला तर दगड. मी त्याच्या मागे लागून त्याला कल्याणला सोनोग्राफीला पाठवलं. यकृत आक्रसून गाठाळलेलं आणि त्यात मोठी गाठ. मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं की एचआयव्ही पूर्ण ताब्यात आहे, पण ह्या गाठीला आता हात लावता येणार नाही.

त्या सोनोग्राफीच्या कागदावर आक्रसलेल्या यकृतासाठी सिरॉसिस असा शब्द होता. सुनंदाचा भाऊ कल्याणला कारखान्यात नोकरीला, थोडं इंग्रजी जाणणारा. त्यानं तो शब्द वाचला आणि बहिणीला सांगितलं, "सिरॉसिस म्हंजे दारू. लिव्हर असंच नाय जात कोनाचं."

त्यातच काळूरामची जीभ जड झाली. दिवसा झोपायचा, हात थरथरायचे, बोलता बोलता शब्द विसरायचा. यकृत निकामी झालं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाते आणि माणूस असा होतो. पण बघणाऱ्याला तो माणूस प्यायलेलाच दिसतो. जीपच्या मालकानं चावी काढून घेतली. सुनंदानं बोलणं टाकलं.

हे सगळं त्यानंच मला सांगितलं. लॅबच्या दारात आला, चौकट धरून. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सगळे कागद. वर माझ्या अक्षरातला तो जुना कागद. त्याला आता सगळं कळलं होतं, मुंबईच्या डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. मला वाटलं, आता हा मला बोलणार. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवायला लागले.

तो म्हणाला, "ताई, मी मरायला घाबरत नाय. आधीच मेलो असतो, गोळ्यांनी येवढी वर्सं दिली. पन ती माझ्याशी बोलत नाय. ताट सरकवते नि जाते. मी सांगतो तर तिला वाटतं दारूच बोलते. तुमी या घरी. तुमी सांगा, हा पीत नाय. तुमचा ऐकल ती."

"तिला घेऊन ये ना इथे. मुलीलाही आण. दोघींची तपासणी करायची आहे."

"बोलत नाय, ती येईल कशी? तुमीच या."

"सोमवारी येते," मी म्हणाले.

त्या सोमवारी मी गेले नाही. कामं होती, कामं कायमच असतात. खरं कारण दुसरं होतं. तो पीत नव्हता हे सांगितलं की सुनंदा विचारणार, मग यकृत कशानं गेलं? त्याचं उत्तर त्या कागदावर माझ्या सहीनं होतं. ह्या कागदाला फक्त कावीळ म्हणाले ती मी, हे मला तिच्या तोंडावर सांगावं लागलं असतं. आठवडाभर मी लॅबमध्ये येरझाऱ्या घातल्या, साफ असलेला फ्रिज साफ केला, कुणावर तरी उगाच खेकसले. दुसरा सोमवारही तसाच गेला. तिसऱ्या सोमवारी सकाळी पिशवीत सुया, नळ्या, रबर घातलं आणि निघाले.

ओटीवर खाटेवर काळूराम पडला होता. डोळे उघडे. मला बघून म्हणाला, "गाडी भरली का? दोन शीट बाकी हायत." मी म्हटलं, "काळूराम, मी आलेय. सांगायला आलेय." तो म्हणाला, "वैशाखऱ्याला थांबल. बसा, बसा." आणि पुन्हा दाराकडे बघायला लागला.

सुनंदा चुलीपाशी होती. मी तिच्या समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. तो पीत नव्हता. त्याचं अडखळणं रोगाचं होतं. यकृत त्या पहिल्या काविळीनं गेलं, आणि तो कागद बिनकामाचा आहे असं त्याला मी सांगितलं होतं. हे शेवटचं सांगताना मी तिच्याकडे बघू शकले नाही.

ती बराच वेळ लाकडं पुढे मागे करत राहिली. मग म्हणाली, "त्याचा पाय सरळ पडत नव्हता. त्वांड वेगळाच बोलायचा. मी काय समजनार व्हती?"

"तुझी चूक नाही गं."

"तीन महिनं झालं मी त्याच्याशी बोल्ले नाय." तिनं पदरानं हात पुसले. "तुमी मागल्या सोमवारी जरी आल्या असत्या ना ताई, तर त्याला कळत व्हतं. जेवनाला हाक मारली तर व्ह म्हनायचा. परवापास्नं नाय म्हनत."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती उठली, खाटेशी जाऊन बसली आणि त्याच्याशी बोलायला लागली. भात झोडून झाला, शेळी व्यायली, पोरीचा पेपर बरा गेला. तीन महिन्यांचं साठलेलं सगळं. तो दाराकडेच बघत होता. त्याच्या कानात त्यातलं किती गेलं, मला ठरवता आलं नाही. नंतर मी दोघी मायलेकींचं रक्त काढलं. दोघींना बी कावीळ नव्हती. पुढे तिन्ही वेळा मी स्वतः उभी राहून दोघींना लस टोचवली. तेवढं तरी केलं.

परतताना जीप भरलेली होती. ड्रायव्हर काळूरामचा जुना जोडीदार. म्हणाला, "बघितलात ताई काळूला? सोन्यासारखा मानूस, दारूनं वाटोळा केला."

"तो पीत नव्हता," मी मोठ्यानं म्हणाले. मागचे लोकही ऐकायला पुढे वाकले.

"मंग लिव्हर कशानं गेला?"

खरं कारण सांगायचं तर ती कावीळ कुठून येते तेही सांगावं लागणार, आणि त्यापाठोपाठ दुसरा कागद. आमच्या धंद्यात एकच गोष्ट पाळायची असते, माणसाचा रिपोर्ट माणसाशिवाय कुणाला सांगायचा नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि गिअर बदलला. ताई चांगल्या आहेत, झाकून घेतात, असं सगळ्या जीपला वाटलं असणार. काळूराम चार दिवसांनी गेला. गावात अजून त्याचं उदाहरण देतात, दारू कशी वाईट म्हणून.

यंदा हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी सुनंदाकडे गेले. ती गोळ्या घेते, तब्येत चांगली आहे, दुसऱ्याच्या शेतावर जाते. मुलीचं लग्न झालं. मी विचारलं, त्याच्याबद्दल लिहू का? तो पीत नव्हता, हे छापून येईल.

"लिवा," ती लगेच म्हणाली. "तो पीत नव्हता येवढं लिवाच." मग चहाचं भांडं उतरवता उतरवता थांबली. "पन नाव नका टाकू त्याचा. पोरीच्या सासरी ठावं नाय. माझा पन नको."

"नाही टाकत. दुसरी नावं देते."

"गावाचा पन नको."

"नाही."

तिनं चहा कपात ओतला, एक कप माझ्यापुढे सरकवला.

"मंग कोनाला कळल ताई, पीत नव्हता तो कोन?"

चहा पिऊन झाला तरी मी तिथेच बसून राहिले.